पाखाडी आणि मानधन

आमच्या वाडीतून खालच्या रस्त्याला उतरणारी पाखाडी जांभ्या चिऱ्याची आहे आणि मृगाच्या चार सरी पडल्या की तिच्यावर शेवाळ धरू लागते. कोकणात पावसाळा काढलेल्या माणसाला त्या बुळबुळीत हिरव्या थराविषयी अधिक सांगायला नको. अंगठा दाबून, तिरके पाऊल टाकत उतरायचे, एवढे शहाणपण पायात लहानपणीच मुरलेले असते. हे शेवाळ दादा काढत. दादा म्हणजे आमच्या वर दोन घरे सोडून राहणारे, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. पाऊस जरा उघडला की खराटा, पत्र्याचा डबा आणि एक बोथट कोयती घेऊन ते वरच्या पायरीवर बसत आणि एकेक पायरी सरकत खाली येत. कोयतीची जांभ्यावरची खरखर, ओला दगड आणि ब्लिचिंग पावडर यांचा मिळून येणारा, नाकाला झोंबणारा वास आणि मधूनच कोणाला तरी उद्देशून 'जपून गो, कडेनं ये' अशी हाक, यांवरून आम्हांला घरात बसून कळे की आज उघडीप आहे. त्यांना हे काम कोणी सांगितले नव्हते आणि ते का करतात, असे कोणी विचारलेही नव्हते. यंदा आषाढात मुंबईकर मंडळाने त्यांना दरमहा मानधन द्यायचे ठरवले. ठराव चांगल्या मनाने झाला होता आणि रक्कमही बरी होती. चिटणीस स्वतः पाकीट घेऊन आले. दादांनी ते दोन्ही हातांनी घेतले, आत जाऊन देवापुढे ठेवले आणि बाहेर येऊन शांतपणे विचारले, "कुठल्या पायरीपासून कुठल्या पायरीपर्यंत करायचं?" चिटणीस हसले. "नेहमी करता तेवढंच हो." त्यावर दादा म्हणाले, "नेहमीचं म्हणजे किती, तेच विचारतोय." त्यांच्या स्वरात खोच नव्हती. चिटणीसांचा चेहरा मात्र किंचित उतरला, आणि ओटीवर चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या मलाही काहीतरी टोचले.

तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्या मनातून जाईना.

मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. 'प्रेरणा' हे प्रकरण दर वर्षी माझ्याकडे येते, आणि दादांच्या त्या एका वाक्यात मला अर्धे प्रकरण दिसले, हे त्या टोचणीचे एक कारण असावे. शरीरात काहीतरी उणे पडते, त्या उणिवेची अस्वस्थता माणसाला हालवते आणि उणीव भरली की तो स्वस्थ होतो, असे क्लार्क हल यांच्यासारखे अभ्यासक एके काळी मानत. पुढे १९४९च्या सुमारास विस्कॉन्सिनमध्ये हॅरी हार्लो यांच्या माकडांनी त्या मांडणीला खोडा घातला. कड्या, खिळे आणि बिजागऱ्या यांचे एक कोडे त्या माकडांच्या पिंजऱ्यात ठेवले होते, आणि भूक नसताना, बक्षीस नसताना ती माकडे ते उघडत बसत. माणसांवर याचा कस लावला तो एडवर्ड डेसी यांनी, १९७१च्या शोधनिबंधात. सोमा नावाचे सात तुकड्यांचे एक ठोकळ्यांचे कोडे त्यांनी विद्यार्थ्यांना तीन बैठकांत सोडवायला दिले. दुसऱ्या बैठकीत एका गटाला प्रत्येक आकृतीमागे एक डॉलर मिळाला, दुसऱ्याला काहीच नाही. तिसऱ्या बैठकीत पैसे बंद झाले. प्रत्येक बैठकीत मध्येच प्रयोगकर्ता काही निमित्ताने आठ मिनिटे बाहेर जाई आणि मुलांना हवे ते करायची मुभा असे. खरे निरीक्षण त्या आठ मिनिटांचे होते. एकदा पैसे मिळालेल्या गटाचे कोड्याकडे वळणे तिसऱ्या बैठकीत कमी झाले. दोन वर्षांनी लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत हेच चित्रकलेच्या बाबतीत दाखवले. सोनेरी शिक्क्याचे आणि फितीचे प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगून ज्या मुलांकडून चित्रे काढून घेतली, ती मुले पुढे मोकळ्या वेळात रंगीत पेनांकडे इतर मुलांच्या जेमतेम निम्म्याने वळली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक, चित्र झाल्यावर मिळाले, त्यांची गोडी मात्र टिकून राहिली. मी हे सारे रंगवून सांगते, मुले माना डोलावतात, आणि वर्ग सुटताना 'पैशाने आनंद मरतो' असे एक गुळगुळीत वाक्य त्यांच्या वहीत उतरलेले असते.

यंदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिची आई काजूच्या कारखान्यात जाते. काजूच्या टरफलातला चीक बोटांना लागला की कातडी काळी पडते आणि सोलते. तिच्या आईची बोटे मी पालकसभेत सही घेताना पाहिली आहेत, टोकांवरच्या रेषा पुसट झालेली, गोडेतेल लावून मऊ केलेली. ती मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या कोडं सोडवणाऱ्यांना त्या डॉलरची गरज होती का?" वर्गात हशा झाला, पण प्रश्न नेमका होता. या प्रयोगांतील परिणाम आधीपासून गोडी असलेल्या कामांवर दिसतो, आणि ती अट ग्रंथात लिहिलेली असूनही शिकवताना आमच्या तोंडून बहुधा निसटते. काजू सोलणे ही कोणाची आवड म्हणून सुरू होत नाही. दिवसभराच्या सोलणीचा पैसा काढून घेतला तर तिच्या आईची आंतरिक प्रेरणा उजळून निघेल, असे कोणताही सिद्धांत म्हणत नाही. विनामोबदला कामाची थोरवी सांगणारे आम्ही बहुतेक जण महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारे असतो, ही गोष्ट मला त्या दिवशी वर्गात उभी असताना बरीच बोचली.

अशा वेळी कोणीही माणसाच्या गरजांची उतरंड मांडणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मॅस्लोकडे धावतो. आधी भाकरी, मग सुरक्षितता, मग माया, मग मान आणि सर्वांत वर स्वतःचे फुलणे. गाईडमध्ये छापलेल्या त्या त्रिकोणाइतकी लोकप्रिय आकृती मानसशास्त्रात दुसरी नसेल, आणि गंमत अशी की मॅस्लो यांच्या १९४३च्या मूळ लेखात तो त्रिकोण नाहीच. तो पुढे व्यवस्थापनशास्त्रवाल्यांनी रूढ केला. मूळ लेख अधिक सावध आहे. खालची गरज पूर्ण भागल्याशिवाय वरची जागी होत नाही असे नव्हे, सामान्य माणसाच्या शरीराच्या गरजा जणू ८५ टक्के, सुरक्षिततेच्या ७०, मायेच्या ५०, मानाच्या ४० आणि आत्मपूर्तीच्या १० टक्के भागलेल्या असतात, असे काहीतरी उदाहरणादाखल आकडे देऊन ते म्हणतात, आणि क्रम उलटा होणाऱ्या माणसांचीही नोंद करतात. हा उलटा क्रम दाखवायला मला अमेरिकेत जावे लागत नाही. अलिबागजवळच्या चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी खोताची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप १९३९पर्यंत चालवला. ज्या भाताच्या खाचरावर पोट होते तेच खाचर त्यांनी हट्टाने पडीक ठेवले, डोंगरातली लाकडे तोडून आणून विकली आणि उपास काढले. त्रिकोणाच्या हिशेबाने पाहिले तर पायाचा दगडच त्यांनी काढून दिला होता. पण त्यांना भूक लागत नव्हती असे थोडेच आहे? पिकाचा मोठा वाटा खोताने न्यायचा, वर त्याच्या घरची वेठही करायची, या अपमानाची धग त्या भुकेहून मोठी झाली होती. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्यामागे हीच धग होती. गाईडमधल्या त्या पानावर चरीचा उल्लेख असायला हवा, असे मला फार वाटते.

याच संदर्भात एक जुना राग सांगून टाकते. 'कोकणी माणूस मुळातच आळशी, त्याला महत्त्वाकांक्षा नाही' हे वाक्य आपण घाटावर ऐकतो, आणि आपणही ओटीवर बसून म्हणतो. त्याला शास्त्रीय झालर लावायची तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड हाताशी आहेतच. काही माणसांत, काही समाजांत सिद्धीची ओढ जास्त असते आणि तीच उद्योगधंद्याला कारण होते, हे त्यांचे म्हणणे. खुंटीवर कडी फेकण्याच्या खेळात अशी माणसे फार जवळूनही फेकत नाहीत आणि फार लांबूनही नाहीत. जमेल पण कष्टाने जमेल, असे अंतर निवडतात, हे त्यांचे निरीक्षण मला आवडते. ही ओढ शिकवता येते का, हे पाहण्यासाठी १९६०च्या दशकात त्यांनी आपल्या देशात, पूर्व किनाऱ्यावरच्या काकीनाड्यात व्यापाऱ्यांचे प्रशिक्षणवर्ग घेतले. ते या किनाऱ्याला आले असते तर त्यांनी काय लिहिले असते, याची मला उत्सुकता आहे. कारण इथला जो माणूस गावात आळशी ठरत होता, तोच गिरणगावात दहा जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपून साच्यावर पाळ्या करत होता आणि महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर धाडत होता. ज्या जमिनीत सुधारणा केली तर फायदा खोताचा, तिथे हात आखडता घेणे हे आळसाचे लक्षण मानायचे की व्यवहाराचे? माणसाच्या आत काय कमी आहे ते शोधणे सोपे असते. त्याच्यासमोर कडी फेकायला खुंटी होती का, हे पाहायला इतिहास उघडावा लागतो.

माझे आजोळ मालवणच्या बाजूचे. तिथल्या रापणीची आठवण या विषयात मला वारंवार येते, कारण बक्षीस आणि गोडी यांचा जो तंटा पुस्तकात आहे तो तिथे मला कधी दिसला नाही. पहाटे होडीतून जाळे अर्धगोलात टाकून झालेले असे. किनाऱ्यावर दोन टोकांना दोन रांगा लागत. काथ्याचा जाड, ओला, खारट दोर पंजातून सरकताना हात सोलवटून काढी. टाचा वाळूत रुतवून, अंग मागे टाकून, एकमेकांच्या हाकांच्या ठेक्यावर माणसे पावलापावलाने मागे जात. रापणकर असत तसे वाटेवरून जाणारेही असत, आणि आमच्यासारखी सुटीत आलेली पोरेही मध्येच दोराला लोंबकळत. आमच्या ओढण्याने जाळे बोटभरही पुढे येत नसणार. दोन्ही रांगा हळूहळू जवळ येत, जाळ्याचा फुगीर भाग उथळ पाण्यात दिसू लागे आणि एकाएकी तिथले पाणी चंदेरी होऊन फडफडू लागे. मासळीचे वाटे पडत. जाळ्याचा हिस्सा, होडीचा हिस्सा, रापणकरांचे हिस्से हे सारे मोठ्यांच्या हिशेबाचे होते. ते संपल्यावर एक म्हातारा रापणकर माझ्यासमोर वाळूत दोन बांगडे टाकी आणि म्हणे, "ह्यो तुझो वाटो." घरी आजीने बाजारातून घेतलेली टोपलीभर मासळी असली, तरी ताटात वाढलेल्या बांगड्यांतले माझे कोणते, हे विचारून मी तिला भंडावून सोडत असे.

व्याख्येप्रमाणे ते दोन बांगडे म्हणजे बाह्य बक्षीस. तरी माझी रापणीची ओढ त्यांनी मेली नाही, उलट दुसऱ्या दिवशी मी अंधारातच उठून बसे. ओढलेस तर मिळेल, असे आधी कोणी म्हटले नव्हते, हे एक कारण असेल. प्रशस्तिपत्र अचानक मिळालेली स्टॅनफर्डची ती मुले याला साक्ष आहेत. डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी पुढे याचा अधिक खोल उलगडा केला. स्वतःच्या मर्जीने वागणे, हातून काही जमणे आणि कोणाचे तरी असणे या तीन गरजा त्यांनी मूलभूत मानल्या, आणि बक्षीस या गरजांना पोसते की दाबते, यावर त्याचे फळ ठरते असे म्हटले. कोइस्टनर यांच्यासह त्या दोघांनी १९९९ साली १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा कामाच्या अटीवर देऊ केलेल्या वस्तू आणि पैसे यांनी गोडी घटते, पण मनापासून केलेल्या कौतुकाने ती वाढते, असे त्यांना दिसले. दोन बांगडे मला कामाला लावण्यासाठी दिलेले नव्हते. तूही दोराला होतीस, एवढे ते सांगत होते, आणि ते सांगणारा माणूस त्याच दोराला माझ्या पुढे उभा होता.

मानधन ठरवणारे आम्ही दादांच्या पुढे-मागे कुठेच उभे नव्हतो. इथे मला इस्रायलमधल्या हैफा शहराच्या पाळणाघरांचा अभ्यास आठवतो. युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी यांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येतात म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांत दंड बसवला, तर उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. दंड उठवल्यावरही ते कमी झाले नाहीत. पूर्वी ताटकळणाऱ्या बाईंची लाज वाटत होती, आता उशिराचा भाव ठरला होता. या अभ्यासात मला महत्त्वाचे वाटते ते हे की इथे बदलले ते पैसे देणारे. प्रेरणेचे सारे प्रकरण घेणाऱ्याच्या मनात डोकावत असते, देणाऱ्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आमच्या वाडीत दादा कितपत बदलले हे मला सांगता येणार नाही, पण आम्ही बदललेले मी पाहिले. पाखाडीलगतच्या चार घरांतून त्यांना चहा येत असे. श्रावण लागेपर्यंत तो बंद झाला. कोणी तसे ठरवले नव्हते. आता त्यांना पैसे मिळतात, एवढा विचार प्रत्येक घरात आपापला झाला असणार. माझ्याही घरात झाला. गणपतीत चाकरमान्यांची पोरे वेफर्सची पाकिटे पायऱ्यांवर टाकत होती, तेव्हा 'दादा काढतील' असे एक सुशिक्षित पालक सहज म्हणून गेले, आणि वळणाखाली एक पाहुणे घसरले तेव्हा त्यांना सावरायच्या आधी 'मानधन घेतात ना ते?' हा प्रश्न आला. दादा तोवर वळणापर्यंतच घासत होते. नेहमीचे म्हणजे किती, याचे उत्तर कोणी दिले नाही, म्हणून ते त्यांनी स्वतःपुरते ठरवून टाकले होते.

मी हा सारा अर्थ मनाशी जुळवत असताना काकूंनी, म्हणजे दादांच्या पत्नीने, त्याला सुरुंग लावला. पैसे आल्यापासून दादांचा पूर्वीचा उत्साह राहिला नाही, असे मी हळहळून म्हटले, तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "इतकी वर्षं चहावर घासली त्यांनी. चहानं गुडघ्याचं औषध येत नाही. मी कधीची सांगत होते, वळणाच्या खाली जाऊ नका, चढताना पाय धरतात. आता एक कारण मिळालं." म्हणजे जो प्रश्न मला गोडी आटल्याची खूण वाटला, तो थकलेल्या माणसाने प्रथमच आखलेली स्वतःची हद्दही असू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते, आणि दादांना विचारले तर ते तिसरेच काही सांगतील. फुकट केलेल्या कामाला आपण ज्या सहजपणे सेवा म्हणतो, त्यात आपल्या गावांचा एक जुना अन्याय लपलेला असतो. पालखीच्या वेळी मानाचा नारळ कोणाला आणि वाट झाडण्याचे काम कोणाला, हे काही कोणाच्या आंतरिक प्रेरणेने ठरलेले नव्हते. ज्याला नाही म्हणायची मुभाच नव्हती, त्याच्या हातच्या कामात स्वेच्छा शोधणारा सिद्धांत मला पुरा पडत नाही. म्हणून मानधन चुकले असे मी मंडळाच्या सभेत म्हटले नाही. ते वाढवावे, वळणाखालचा भाग वाडीने पाळीने घासावा, आणि ते जमत नसेल तर तिथे लोखंडी कठडा बसवावा, असे सुचवले. कठडा लगेच मंजूर झाला. पाळीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

पैशाने काम नासतेच असे नाही, याचा पुरावा आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला आहे. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पूर्वी ती अंडी उकरून नेली जात. २००२पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन ती जपायला सुरुवात केली. आता रात्री किनारा फिरणाऱ्या कासवमित्रांना मानधन मिळते, पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला पर्यटक येतात, घरोघरी त्यांची उतरायची सोय होते आणि गावात पैसा येतो. डेसी आणि रायन यांनी प्रेरणेचे दोनच कप्पे केलेले नाहीत. एका टोकाला निव्वळ सक्ती आणि लालूच, दुसऱ्या टोकाला निव्वळ गोडी, आणि मध्ये लोक काय म्हणतील म्हणून केलेले, पटले म्हणून केलेले, करता करता आपल्या स्वभावाचाच भाग झालेले, अशा पायऱ्या त्यांनी मानल्या आहेत. बाहेरून आलेले कारण माणूस हळूहळू आपलेसे करू शकतो, ही त्या मांडणीतली मला सर्वांत आशादायक वाटणारी गोष्ट आहे. वेळासला ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तिथे जेवताना बँकेत नोकरी करणाऱ्या एका पाहुण्याने घरधनिणीला विचारले, "तुम्हांला कासवांचं खरंच प्रेम आहे, की पैशांसाठी करता?" तिने आधी त्याच्या पानात सोलकढी वाढली आणि मग म्हणाली, "दोन्ही. तुम्ही बँकेत कशासाठी जाता?"